पैनगंगेकाठचे ऊन पाणी

मराठवाड्याच्या पाण्याविषयी लिहायचे म्हटले की टँकर आठवतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ती गाडी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. त्याच मराठवाड्याच्या ईशान्य टोकाला, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी मात्र पाणी कुणी न उपसता, मोटर न लावता बारा महिने आपसूक वर येते. तेही गरम. गावाचे नाव उनकेश्वर. सागाच्या जंगलाने वेढलेले लहानसे गाव, जुने दगडी महादेवाचे देऊळ आणि देवळालगतची कुंडे. त्वचेचे दुखणे घेऊन लोक इथे किती पिढ्या येत आहेत, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

कुंडाच्या पायरीवर बसून पाणी निरखले तर पहिल्यांदा दिसतात ते बुडबुडे. तळातून एकामागून एक, कधी तीनचार एकदम, थोडे थांबून पुन्हा. पाणी उकळते आहे असे पाहणाऱ्याला वाटते, पण हे उकळणे नव्हे. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगापेक्षा थोडे जास्त. खोल दाबाखाली पाण्यात विरघळून राहिलेला वायू वर येताना दाब कमी झाल्यावर सुटा होतो, त्याचे हे बुडबुडे. पायऱ्यांवर, पाणी जिथे सतत भिजवते तिथे, बुळबुळीत थर साचतो. तो नुसता शेवाळाचा नसतो, त्याच्याकडे पुढे येऊ.

पाणी गरम का, या प्रश्नाला इथे दोन उत्तरे ठरलेली आहेत. श्रद्धाळू माणूस म्हणतो, रामाने बाण मारला. शाळा शिकलेला म्हणतो, खाली ज्वालामुखी आहे. गंमत अशी की यातले दुसरे उत्तरही विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही.

ज्वालामुखीची आठवण होणे साहजिक आहे. आपण राहतो तो दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले, त्यावर आपली काळी माती तयार झाली. पण त्या लाव्ह्याची धग कधीच विझली. काही मीटर किंवा काही दहा मीटर जाडीचा थर निवायला फार तर काही शतके पुरतात. साडेसहा कोटी वर्षांत तो कितीदा थंड झाला असता! उनकेश्वरच्या खाली जिवंत ज्वालामुखी नाही आणि कोकणातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांखालीही नाही.

उष्णता येते ती पृथ्वीच्या पोटातूनच, पण संथपणे आणि सगळीकडे. पृथ्वी घडतानाची काही धग अजून शिल्लक आहे. शिवाय खडकांतले युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचे किरणोत्सर्गी अणू हळूहळू फुटत असतात, त्यातून उष्णता मिळत राहते. त्यामुळे जमिनीत जितके खोल जावे तितके तापमान वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावेही लागत नाही. आठशे-हजार फुटांचा बोअर ज्याने मारला, त्याने डिसेंबरच्या पहाटे त्याच्या पाण्यावर हात धरून पाहिलेला असतो. पाणी कोमट लागते, आणि ते नुसते बाहेरच्या गारठ्यामुळे नाही. तीनशे मीटर खाली खडकच सातआठ अंशांनी जास्त गरम असतो.

आता हाच हिशेब उनकेश्वरला लावून पाहावा. या भागातले वर्षाचे सरासरी तापमान २७ अंशांच्या घरात धरले आणि कुंडातले पाणी ४२ च्या आसपास, तर फरक पंधरा अंशांचा. म्हणजे पाणी कमीत कमी अर्धा किलोमीटर खोल जाऊन आलेले असणार. वर येताना ते वाटेत निवते, वरच्या थंड पाण्यातही मिसळते, त्यामुळे प्रत्यक्ष खोली याहून जास्तच असावी. हे पाणी पावसाचेच. कुठल्या तरी डोंगरावर पडलेले, भेगांतून मुरत मुरत खाली गेलेले, तापून हलके झालेले आणि सोपी वाट मिळाल्यावर वर आलेले. हा फेरा पुरा व्हायला फार वर्षे लागतात, म्हणूनच एखादा पावसाळा कोरडा गेला तरी असा झरा लगेच हूं की चूं करत नाही. विहीर मागच्या पावसावर जगते, हा झरा कितीतरी जुन्या पावसांवर.

खरा प्रश्न उष्णतेचा नाहीच. ती नांदेडखालीही आहे, लातूरखालीही. प्रश्न वाटेचा आहे. खोल गेलेले पाणी वर यायला सलग, खोल आणि उघडी भेग लागते, आणि ती फार थोड्या ठिकाणी असते.

मराठवाड्याखाली काय आहे हे आपल्याला नीट कळले ते एका दुःखातून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरचा किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. दख्खनचे पठार म्हणजे हलणार नाही अशी जमीन, हा समज त्या पहाटे मोडला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात काळा पाषाण भरला तो फक्त ३३८ मीटर. त्याखाली जुन्या गाळाचा आठेक मीटरचा पातळ थर, आणि मग थेट अतिप्राचीन मूळ खडक. कोयनेकडे अशाच छिद्रात हा पाषाण ९३० मीटरच्या वर भरला होता. म्हणजे सह्याद्रीत जाडजूड असलेली ही लाव्ह्याची चादर पूर्वेकडे विरत जाते. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे ती संपतेच आणि खालचा गुलाबी ग्रॅनाइट उघडा पडतो. देगलूरच्या रस्त्याने जाताना शेतातून एकावर एक रचल्यासारखे मोठमोठे गोल धोंडे दिसू लागले, की आपण दख्खनच्या काळ्या पाषाणातून बाहेर पडलो असे खुशाल समजावे.

किनवटचा मुलूख याच काठावरचा. इथे लाव्हा पातळ आहे, त्याखाली ग्रॅनाइट आहे, आणि पैनगंगेच्या खोऱ्यात खाली यवतमाळ-आदिलाबादकडे जुन्या चुनखडीचे थर आहेत. हे थर शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचे, आणि भूवैज्ञानिकांनी त्यांना नावही या नदीचेच दिले आहे. असे वेगवेगळे खडक जिथे एकमेकांना भिडतात, तिथे जमिनीत जुन्या भेगा असायच्याच. तेलंगणातल्या कड्डमकडून वायव्येला एक मोठा प्रस्तरभंग येतो, उनकेश्वरचा झरा त्याच्याशी जोडून पाहिला जातो. उनकेश्वर एकटेही नाही. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेकाठीच कापेश्वरला ऊन पाण्याचे झरे आहेत. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी असे झरे एका ओळीत सापडतात, कारण तिथे पश्चिम किनाऱ्याला समांतर भेगांची मोठी माळ आहे. खानदेशातला उनपदेव, अमरावती जिल्ह्याच्या टोकाचे सालबर्डी, ही सातपुड्याच्या भेगांची देणगी. महाराष्ट्राच्या नकाशावर ऊन पाण्याचे ठिपके टाकले की जमिनीच्या भेगांचा नकाशा आपोआप उमटतो.

आता वासाकडे वळू. उनकेश्वरचे पाणी गंधकाचे म्हणून ओळखले जाते. झऱ्याच्या पाण्यात हा वास बहुधा असा येतो: खडकांतून विरघळलेली सल्फेटे पाण्यात असतात, आणि हवा नसलेल्या खोल जागी राहणारे जीवाणू त्यांचे हायड्रोजन सल्फाइड करतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूला. आपले नाक या वायूच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. अब्ज भागांत अगदी थोडे भाग असले तरी त्याला कळते. त्यामुळे वास जोराचा म्हणजे गंधक भरपूर, असा हिशेब चुकू शकतो.

गंधक त्वचेला गुण देतो, ही समजूत मात्र निराधार नाही. खरजेवर गंधकाचे मलम आजही वैद्यकात मान्य आहे. पाच ते दहा टक्के गंधक घातलेले हे मलम खरजेच्या किड्याला मारते. आयुर्वेदात शुद्ध गंधकाचे कल्प त्वचारोगांवर शतकानुशतके चालत आले आहेत. पण मलमातला दहा टक्के गंधक कुठे आणि कुंडाच्या पाण्यात विरघळलेला कणभर कुठे? झऱ्याच्या पाण्याने बरे वाटते त्यात पाण्याच्या ऊबेचा वाटा मोठा असणार. सुटलेल्या खपल्या मऊ होतात, खाज तेवढ्यापुरती थांबते, आठ दिवस रोज दोनदा स्वच्छ अंघोळ घडते. घरी पाण्याची टंचाई सोसणाऱ्या माणसाला ही शेवटची गोष्टच औषध ठरली असेल.

इथे थोडे स्पष्ट बोललेले बरे. नायटा आणि गजकर्ण ही बुरशी आहे. ती ओल्या कपड्यांतून, एकमेकांच्या पंचा-टॉवेलातून पसरते. गेल्या दहाबारा वर्षांत तर आपल्याकडे हा नायटा इतका चिवट झाला आहे की नेहमीची मलमे त्याला पुरत नाहीत. अशा माणसाने सामाईक कुंडात उतरणे त्याच्याही हिताचे नाही आणि शेजाऱ्याच्याही. कोडाचा गंधकाशी काही संबंध नाही. आणि ज्या रोगासाठी ऊन पाण्याच्या कुंडांची देशभर ख्याती झाली, त्या महारोगाचे कारण नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ सालीच दाखवून दिले: एक जीवाणू. १९८० च्या दशकापासून त्यावर बहुविध औषधोपचार मिळतो, सरकारी दवाखान्यात फुकट, सहा महिने ते वर्षभर. रोगी पूर्ण बरा होतो. ज्याच्या हातापायांची संवेदना गेली आहे त्याला तर गरम पाणी घातकच, कारण भाजलेले त्याला कळतच नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही हेच लागू. पण औषध नव्हते त्या काळात घरादाराने, गावाने टाकलेला माणूस कुठे जाणार होता? ज्या ठिकाणी देवाने स्वतः एका ऋषीचा हा रोग बरा केला असे लोक मानतात, तिथे त्याला निदान हुसकून तरी लावले जात नसेल. कुंडाचे हे काम पाण्याच्या रासायनिक तपासणीत दिसणारे नाही.

पायरीवरच्या बुळबुळीत थराचे राहिले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी उनकेश्वरच्या पाण्यातले उष्णताप्रिय जीवाणू वेगळे काढून त्यांच्या जनुकांचा क्रम शोधला. २०१६ च्या सुमारास त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केले, आणि त्यांतली एक युक्ती मला फार आवडली. प्रत्येक जीवाणूच्या ओळखीच्या जनुकक्रमाचा त्यांनी क्यूआर कोड बनवला. चहाच्या टपरीवर पैसे द्यायला आपण जो चौकोन मोबाइलपुढे धरतो, तसाच चौकोन आता उनकेश्वरच्या जीवाणूंनाही आहे.

असल्या जीवाणूंचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला करोनाच्या चाचणीची आठवण करून द्यावी. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ऊन झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना असाच एक जीवाणू सापडला, १९६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्यापासून मिळालेले विकर कढत पाण्यातही मोडत नाही, आणि त्याच गुणावर पुढे पीसीआर तपासणी उभी राहिली. यलोस्टोनचे पाणी उनकेश्वरपेक्षा कितीतरी गरम, त्यामुळे बरोबरी करण्यात अर्थ नाही. पण कुंडाचा तळ खरवडून, ब्लीचिंग पावडर टाकून, फरशी बसवून ‘सुशोभीकरण’ करणाऱ्यांनी त्या थरात काय जगते आहे याची आधी चौकशी करावी, एवढे तरी म्हणता येईल.

रामाच्या बाणाची गोष्ट अशी आहे. दंडकारण्यात शरभंग ऋषींचा आश्रम होता. ऋषींना महारोग जडला होता. वनवासात राम तिथे आला, त्याने जमिनीत बाण मारला, ऊन पाण्याची धार उसळली, ऋषींनी त्यात स्नान केले आणि काया नितळ झाली. जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे असलेल्या उनपदेवलाही शब्दशः हीच कथा, हेच ऋषी. दोन्ही ठिकाणांमध्ये कितीतरी दिवसांची पायवाट. एक शरभंग दोन्हीकडे कसा, असे म्हणून हसण्यापेक्षा ही कथा पाण्याबरोबर फिरत गेली हे पाहण्यासारखे आहे.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात शरभंग आहेत, पण झरा नाही आणि रोगही नाही. विराधाला मारून राम, सीता, लक्ष्मण त्यांच्या आश्रमात येतात. तेव्हा इंद्र त्यांना न्यायला आलेला असतो, पण रामाच्या दर्शनासाठी ऋषी थांबलेले असतात. रामाला सुतीक्ष्णांकडे जायचा मार्ग दाखवून ते अग्नीत प्रवेश करतात आणि ज्वाळांतून तेजस्वी तरुण होऊन वर येतात. देह सोडण्याआधी ते रामाला क्षणभर थांबायला सांगतात. साप जुनी कात टाकतो तसे आपण हे अंग टाकणार आहोत, असे त्यांचे म्हणणे. जर्जर कातडी टाकून नव्या तेजाने उभा राहिलेला म्हातारा ऋषी! त्वचेच्या रोगाने गांजलेल्या लोकांनी आपल्या कुंडासाठी रामायणभरातून नेमका हाच ऋषी निवडला, यात मला योगायोग दिसत नाही. कुण्या कीर्तनकाराला किंवा पुराणिकाला मूळ कथेतली ती कात ठाऊक असणार, आगीच्या जागी ऊन पाणी आले, एवढाच काय तो फरक.

बाण मारून पाणी काढण्याची आणखी एक कथा याच मुलखात आहे, ती माहूरची. परशुरामाने पित्याचा, जमदग्नीचा, अंत्यसंस्कार माहूरला केला, त्याला तीर्थाचे पाणी हवे होते म्हणून त्याने बाण सोडला आणि मातृतीर्थ झाले, अशी श्रद्धा. पुराणकाळचा बाण हा आजचा बोअरच म्हणायचा, फक्त तो कधी कोरडा जात नसे.

उनकेश्वरच्या देवळाला लोक हेमाडपंती म्हणतात. महाराष्ट्रात चुना न वापरता रचलेल्या कुठल्याही दगडी देवळाला हेच नाव चिकटते, मग ते हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षांचे का असेना. इथे निदान काळाचा मेळ बसतो. या ठिकाणी देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या कारकिर्दीतला मराठी शिलालेख मिळाला आहे. रामचंद्राने १२७१ पासून पुढे चार दशके राज्य केले आणि हेमाडपंतीला ज्याचे नाव मिळाले तो हेमाद्री पंडित त्याचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस, दाट अरण्यात, राजधानीपासून इतक्या लांब, या ऊन पाण्याचे महत्त्व राजसत्तेच्या लेखी दगडावर कोरण्याइतके होते. आणि कोरले ते मराठीत. महानुभावांचे मराठी गद्य ज्या पिढीत लिहिले जात होते, तीच ही पिढी.

दगडाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. नांदेड-लातूरची जुनी बांधकामे पाहताना मूर्तीआधी दगड पाहायची सवय लावून घ्यावी. देगलूरजवळ होट्टलची चालुक्यकालीन देवळे, निलंग्याचे तारकाकृती नीलकंठेश्वर, कंधारचा राष्ट्रकूटांची आठवण सांगणारा किल्ला, औसा आणि उदगीरचे बहामनी वळणाचे भुईकोट. आणि औसा-निलंगा रस्त्यावरची खरोशाची लेणी, जी काळ्या पाषाणात नसून तांबूस, भुसभुशीत जांभ्यात कोरली आहेत. जांभा म्हटला की आपल्याला कोकण आठवते, पण लातूरच्या टेकडीवर तो आहे आणि त्यात शिवलीला कोरणारे कारागीरही होऊन गेले. जांभा कोरायला सोपा आणि झिजायलाही. खरोशाच्या मूर्तींचे नाकडोळे पुसट झाले ते बरेचसे या दगडाच्या स्वभावामुळे.

उनकेश्वरला आलेला माणूस माहूरला जातोच, किंवा खरे तर उलट. माहूरला येणाऱ्या लाखोंपैकी थोडे उनकेश्वरला जातात. साडेतीन शक्तिपीठांतले माहूर हे एक पूर्ण पीठ. गाभाऱ्यात रेणुकेची पूर्ण मूर्ती नाही, आहे तो शेंदूरचर्चित भव्य मुखवटा, पुरुषभर उंचीच्या जवळ जाणारा. मागे वळून पाहू नकोस असे सांगूनही परशुराम वळला, तोवर आईचे मुखच भूमीतून वर आले होते, अशी कथा. देवीला तांबूल आवडतो. विड्याची पाने, कात, सुपारी, बडीशेप असे सगळे कुटून केलेला लालसर गोळा नैवेद्याला चढतो आणि प्रसाद म्हणून हातावर येतो. पायऱ्यांच्या दुतर्फा दुकानांत हे कुटणे चाललेले असते. त्याचा ओला, तिखट-गोड वास देवळाच्या कितीतरी आधी भेटतो आणि बोटांचा रंग घरी पोचेपर्यंत जात नाही.

शेजारच्या शिखरावर दत्त, दुसऱ्यावर अनसूया. महानुभाव पंथीयांना माहूर पवित्र ते दत्तात्रेय प्रभूंचे स्थान म्हणून. त्यांच्या पंचकृष्णांत दत्तात्रेय आहेत, गावात देवदेवेश्वराचे त्यांचे मंदिर आहे. शाक्त, दत्तसंप्रदायी, महानुभाव, शिवाय सोनापीर दर्ग्याला जाणारे, हे सारे एकाच डोंगराच्या वाटा चढत आले. गावाच्या अंगाला खडकात कोरलेली लेणी आहेत, त्यांना पांडव लेणी म्हणतात. महाराष्ट्रात कर्त्याचा पत्ता लागला नाही की ते काम पांडवांच्या नावावर जाते. अभ्यासक त्यांना राष्ट्रकूटकाळात नेऊन ठेवतात.

देवीच्या झगमगाटात माहूरचा किल्ला मात्र झाकोळून जातो. गोंड राजांच्या परंपरेशी नाते सांगणारा हा गड अहमदशहा बहामनीने १४२० च्या दशकात मोहीम काढून घेतला. महमूद गवानने बहामनी राज्याचे सुभे नव्याने पाडले तेव्हा वऱ्हाडाचे दोन भाग केले, एकाचे ठाणे गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर. मोगलांनी वऱ्हाड घेतला, माहूर सरकार झाले आणि अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्याची नोंद केली. किल्ला मजबूत, जवळ जगदंबेचे देऊळ, आणि लगोलग इथल्या म्हशी चांगल्या जातीच्या, अर्धा मण आणि त्याहून जास्त दूध देतात! बादशाही दफ्तराची ही नजर मला आवडते. किल्ला, देव आणि दूध एका दमात.

याच माहूरच्या देशमुखीण सावित्रीबाई. उदाराम घराण्याची ही सून, नवऱ्यामागे स्वतः फौज घेऊन लढली आणि औरंगजेबाकडून ‘रायबागन’ ही पदवी मिळवून बसली. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले, त्या मोगली फौजेत ती होती. शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला खानाला तिनेच दिला असे इतिहास सांगतो. शिवचरित्रात ती शत्रूपक्षातली म्हणून चार ओळींत आटोपते. माहूरने तरी तिला याहून जास्त जागा द्यायला हरकत नाही.

हा सगळा मुलूख कायम सीमेवर राहिला. पैनगंगा बुलढाण्याच्या बाजूने अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे वर्धेला मिळते. वाटेत ती विदर्भ आणि मराठवाड्याची वेस होते. १८५३ नंतर वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला तेव्हा नदीच्या उत्तरेला कंपनी सरकारचा अंमल आणि दक्षिणेला निजामाचा. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते तेलुगू मुलखातून सुटून इकडे आले. गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांच्या वस्त्या, बाजारात मराठीला लगटून येणारी तेलुगू, आणि वेशभूषेपासून सणावारापर्यंत दोन्हीकडचे मिश्रण. कुठल्याच राजधानीच्या जवळ नसण्याचा एक फायदा असा की जंगल बरेच वाचले. पैनगंगा अभयारण्य नदीच्या दोन्ही काठांवर पसरले आहे.

याच नदीवर इस्लापूरजवळ सहस्रकुंड आहे. पावसाळ्यात काळ्या खडकाच्या फटीफटींतून नदी असंख्य धारांनी खाली कोसळते, आवाज दुरून ऐकू येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात जावे, मार्चनंतर गेलात तर बहुधा नुसता खडक दिसेल. पण खडक पाहायला तोच काळ चांगला. प्रवाहाने कोरलेले रांजणखळगे, धारेत गरगर फिरून गुळगुळीत झालेले गोटे, आणि लाव्ह्याच्या थरांतले उभे सांधे उघड्यावर येतात. ज्या भेगांतून उनकेश्वरला पाणी वर येते त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण भेगा पडलेला खडक पाण्याला वाट कशी देतो ते सहस्रकुंडाला उन्हाळ्यात निवांत पाहता येते.

उनकेश्वरला मात्र थंडीत जावे. किनवटपर्यंत नांदेड-आदिलाबाद मार्गावरची रेल्वे आहे, पुढे एसटी किंवा जीप. महाशिवरात्रीला गर्दी फार, ती टाळून साध्या दिवशी सकाळी लवकर पोचले तर हवा गार असते, कुंडावर वाफ दिसते आणि पाण्याची ऊब नीट कळते. पुरुषांचे आणि बायकांचे कुंड वेगळे आहे. आधी बाहेर अंग धुऊन मग उतरावे. साबण, शांपू आणि तेलाच्या पुड्या कुंडाबाहेर राहू द्याव्यात, नेहमीची औषधे मात्र बंद करू नयेत.